बोळाच्या तोंडाला बोर्ड नव्हता

आमच्या कर्नाटकात ट्रॅफिकच्या दंडाला सेल लागतो. थट्टा नाही, खरंच लागतो. २०२३ च्या फेब्रुवारीत लागला होता, मग २०२५ ला ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत परत लागला, थकलेला दंड निम्मा भरा आणि मोकळे व्हा. त्या दिवसांत दुकानात येणारं गिऱ्हाईक कामाचं बोलायच्या आधी मोबाईल पुढं करायचं, "बघा की ओ, माझ्या गाडीवर किती हाय ते." मी बेळगावच्या शहापुरात फ्लेक्स आणि रेडियमचं काम करतो, दुकानात कॉम्प्युटर आहे, म्हणजे मला सगळं कळतं असा गल्लीत समज आहे. आमच्या दाजींचं तर ठरलेलं, ते म्हणतात, "मी आता साठवूनच ठेवतो, सेल लागला की एकदम भरायचं."

मला सेलचा राग नाही, गरीब माणसाचा फायदा होतो, सरकारचीही वसुली होते. पण त्यात एक गोष्ट धरूनच चाललेली असते, की थकलेला प्रत्येक दंड बरोबरच आहे, माणसानं फक्त आळसानं किंवा पैसे नाहीत म्हणून भरलेला नाही. "मला हा दंडच मान्य नाही" म्हणणारा माणूस त्या लाईनीत कुठं उभा राहणार? त्याला खिडकीच नाही. आणि पाचशेचे अडीचशे झाल्यावर तो तरी कशाला भांडत बसेल, तोही गुपचूप भरतो. मलाही असाच पाचशेचा दंड लागला होता, मी भरले नाहीत. घरच्यांनी वेड्यात काढलं, तरी नाही भरले.

जिथं हा दंड लागला त्या गावाचं नाव लिहीत नाही. सीमाभागातलं तालुक्याचं गाव आहे एवढं पुरे, कारण तिथल्या लोकांशी माझा धंदा आहे आणि शेवटी तिथला फौजदारही माणूस म्हणून वाईट निघाला नाही. तर तिथल्या बाजारपेठेत एका कापड दुकानाचा बोर्ड पोचवायचा होता. २०२४ ला दुकानांच्या पाटीवर साठ टक्के कन्नड पाहिजे असा कायदा झाला तेव्हापासून आमच्या धंद्याला बरे दिवस आलेत, खोटं कशाला बोलू, जुनी पाटी उतरवा नवी चढवा हे काम अजून चालूच आहे. ओम्नीत बोर्ड टाकला, गावात शिरलो, दुकानदारानं फोनवर सांगितलं होतं की स्टँडकडून येऊ नका तिकडं लई गर्दी असते, मागच्या बोळातून या, दुकानाच्या दारात निघाल. तसाच गेलो. बोर्ड उतरवला, चहा झाला, गाडी वळवून निघतोय तोच हवालदार मशीन घेऊन समोर.

"बोर्ड नोडिल्लेन्री?" बोर्ड बघितला नाही काय म्हणून त्यानं विचारलं.

"यल्लैत्री बोर्ड?" कुठाय बोर्ड, मी विचारलं.

त्यानं गल्लीच्या त्या टोकाकडं, स्टँडच्या बाजूला हात केला. तिथून बोर्ड दिसत नव्हता, एक तर लांब होता आणि दुसरं म्हणजे त्याचं तोंड तिकडं होतं, पाठ आमच्याकडं. सकाळी ९ ते रात्री ८ चारचाकीला बंदी, असं त्यावर आहे म्हणाला. मी म्हटलं मी तिकडून आलोच नाही, ह्या बोळातून आलो, इथं दाखवा बोर्ड. तो म्हणाला गल्ली एकच हाय नव्हं, बोर्ड बी एकच. पाचशे रुपये. मी म्हटलं भरत नाही. तो जरा गडबडला, कारण "भरत नाही" असं म्हणणारे लोक साधारण आवाज चढवतात आणि मी तसा चढवला नव्हता. मग म्हणाला, कोर्टाचं येईल. म्हटलं येऊ दे.

आता ती गल्ली कशी आहे ते सांगतो, कारण सगळं प्रकरण त्यावरच आहे. एक टोक स्टँडच्या रस्त्याला, दुसरं देवळाकडं. मधे दोन बोळ येऊन मिळतात, एक आमचा आणि एक तेल्याच्या घाण्याकडचा. म्हणजे गल्लीत गाडी घालायला चार तोंडं. बोर्ड एका तोंडाला. तोसुद्धा कसा, लाईटच्या खांबाला तारेनं बांधलेला दोन बाय तीनचा पत्रा, खालचा कोपरा कुठल्यातरी ट्रॅक्टरनं दुमडलेला, आणि त्याच्या निम्म्यावर वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छांचा फ्लेक्स. हात जोडलेले एक नेते आणि खाली शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे. फ्लेक्स आमच्या दुकानातला नव्हता हे आधीच सांगतो, चेहऱ्यांचा रंग बघूनच कळतं कोणत्या मशीनचा आहे.

मी धंद्याचा माणूस, खिशात टेप असतेच, पत्रा मोजला. बंदीच्या वेळेची ओळ दीड इंच अक्षरात होती. आमच्या कामात एक साधा हिशोब असतो, एक इंच उंचीचं अक्षर दहा फुटावरून नीट वाचता येतं. म्हणजे दीड इंच अक्षर पंधरा फुटावरून. वीस किलोमीटरच्या स्पीडनं गाडी सेकंदाला अठरा फूट जाते. म्हणजे जो माणूस बरोबर त्या बाजूनं येतोय, समोरचा हातगाडा आणि आडवं आलेलं जनावर न बघता फक्त खांबाकडंच बघतोय, त्यालाही ती ओळ वाचायला एक सेकंद पुरा मिळत नाही, आणि वाचून होईपर्यंत गाडी आत गेलेली असते. वर लाल गोल काढला होता कधीतरी. लाल रंग उन्हात सगळ्यात आधी उडतो. निळा टिकतो, काळा टिकतो, लाल जातो, म्हणून तर सरकारी साईन बोर्डाला साधा पेंट न मारता रिफ्लेक्टिव्ह शीट लावायची असते, आयआरसीचं म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसचं कोड आहे तसं, आयआरसी ६७, आमच्याकडं टेंडरची कामं येतात तेव्हा त्यात लिहिलेलं असतं. ह्या पत्र्यावरचा लाल गोल आता अबोली रंगाचं एक वर्तुळ उरलं होतं.

बरं, बंदी चुकीची आहे असं माझं म्हणणं नाही. उलट ती पाहिजेच. बाजाराच्या दिवशी त्या गल्लीत बायका दोन्ही बाजूला भाजी मांडून बसतात, मधे जी जागा उरते तिथं दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला कडेला व्हावं लागतं, तिथं ओम्नी घालणं म्हणजे कुणाच्या तरी टोपलीवर चाक. मला हे आधी कळलं असतं तर मी गाडी बाहेर लावून बोर्ड खांद्यावर नेला असता, पाच फुटी तर बोर्ड होता.

घरी आल्यावर कायदा वाचायला बसलो. लोक म्हणतात कायदा वाचून काय होतंय, पण मोटार वाहन कायदा वाचायला तितका अवघड नाही, १९८८ चा आहे, नेटवर फुकट आहे. कलम ११५. एखाद्या रस्त्यावर किंवा भागात वाहनांना बंदी घालायचा अधिकार राज्य सरकारला किंवा सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे, त्यासाठी राजपत्रात अधिसूचना काढायची, आणि अशी बंदी घातली की योग्य ठिकाणी वाहतूक चिन्हं लावायची. हे "लावायची" कायद्यात बंधनकारक म्हणून आहे, जमलं तर लावा असं नाही. आणि ते वेगळ्या कलमात लांब कुठं टाकलेलं नाही, बंदी घालायचा अधिकार ज्या वाक्यात दिलाय त्याच वाक्याच्या शेपटीला जोडलंय. मला ते वाचून एकदम बरं वाटलं. माझ्या ओळखीतला प्रत्येक माणूस ऐकवत होता, "कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही." बरोबर, नाही चालत. दारू पिऊन गाडी चालवू नये, हेल्मेट घालावं, सिग्नल तोडू नये, हे सगळ्या देशात सारखं आहे, ते मला माहीत असायलाच पाहिजे. पण अमक्या गावातल्या तमक्या गल्लीत ९ ते ८ चारचाकी चालत नाही, हे मला जन्मतः कसं माहीत असणार? कायदा करणाऱ्यांनाही हे दिसलं होतं, म्हणून त्यांनी एका हातानं बंदीचा अधिकार दिला आणि त्याच वाक्यात बोर्ड लावायचं काम गळ्यात घातलं.

पुढं ११९ कलम आहे, ड्रायव्हरनं बंधनकारक चिन्हाप्रमाणं गाडी चालवली पाहिजे म्हणून. आणि बंधनकारक चिन्ह म्हणजे काय तेही तिथं लिहिलंय, कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातलं चिन्ह किंवा त्याच धाटणीचं, म्हणजे गोल चकती आणि तिला लाल जमीन नाहीतर लाल कड. लाल कड! अबोली नाही. हे वाचून मी एकटाच हसलो. बायको आतून म्हणाली, "पाचशे रुपयात काय हसायला मिळालं एवढं?"

मला त्या गोल चिन्हाचं एक कौतुक वाटत आलंय. आमच्याकडं पाटी म्हटली की भांडण, कुठल्या भाषेत, कुठली वर, कुठली खाली, कुणाचा आकार मोठा. पाटीला काळं फासलं ही बातमी तर ठरलेलीच. पण लाल गोलात आडवी पांढरी पट्टी, प्रवेश बंद, ती खानापूरच्या मराठी माणसाला कळते, बैलहोंगलच्या कन्नड माणसाला कळते, गोव्याहून आलेल्याला आणि एमएच ०९ घेऊन आलेल्या कोल्हापूरच्या पाव्हण्यालाही कळते. तिच्यावर अजून कुणी मोर्चा काढलेला नाही. एवढी सोयीची गोष्ट सोडून आम्ही पत्र्यावर दीड इंचात वाक्यं लिहितो. मला कन्नड वाचता येतं, बोलता येतं, माझा धंदाच त्यावर आहे, तेव्हा भाषा समजली नाही ही तक्रार मी केली नाही आणि करणारही नव्हतो. पण गडहिंग्लजहून बाजाराला आलेल्या माणसानं काय करायचं?

थोड्या दिवसांची बंदी असेल तर कायदा सवलत देतो हेही सांगायला पाहिजे. एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्राची गरज नाही, स्थानिक पातळीवर जमेल तशी प्रसिद्धी दिली की पुरे. आपल्या गणपती विसर्जनाला हे बरोबर लागू पडतं. कपिलेश्वर तलावाकडं मिरवणूक निघते त्या दिवशी कुठले रस्ते बंद, वळवलेली वाहतूक कुठून, हे आदल्या दिवशी पेपरात येतं, आता व्हॉट्सअॅपवर फिरतं, चौकाचौकात बॅरिकेड असतात, माणूस उभा असतो. शिवजयंतीच्या चित्ररथांनाही तसंच. तिथं कुणाची तक्रार नसते, कारण गावाला माहीत असतं. कुसमळीचा मलप्रभेवरचा जुना पूल कामाला काढला तेव्हा चोर्ल्याकडं जाणाऱ्या जड गाड्यांना बंदी झाली, तीही पेपरात आली होती. पण पेपर बेळगावचा माणूस वाचतो, ट्रक ड्रायव्हर वाचत नाही, त्याला बोर्डच लागतो, आणि तोही पुलाच्या बराच अलीकडं लागतो, पुलाजवळ लावून उपयोग नाही, कारण तिथून मल्टी-अॅक्सल ट्रक वळवायचा कुठं? बोर्ड कुठं लावायचा ह्याच्यात अर्धी अक्कल आहे. बंदी जिथं सुरू होते तिथं नाही, तर जिथून माणसाला दुसरा रस्ता धरता येईल तिथं. "योग्य ठिकाणी" ह्या दोन शब्दांचा अर्थ मी तरी तोच लावतो.

मग लोकांचे सल्ले सुरू झाले. दाजी म्हणाले भरून टाका. माझा एक वकील मित्र आहे, तो म्हणाला, "हे बघ, कलम १७७ आहे, पहिल्या वेळेला पाचशेपर्यंत दंड, २०१९ च्या आधी शंभर होता. तू कोर्टात गेलास तर दुकान बंद, पेट्रोल, माझी फी देणार नाहीस हे मला माहीत आहे पण चहा तरी पाजशील, सगळं मिळून पाचशेच्या वर जातंय. लोकअदालतीत मिटवून टाक." हिशोब बरोबर होता. आणि माझ्या मते सगळी यंत्रणा ह्याच हिशोबावर उभी आहे. दंड एवढाच ठेवायचा की भांडणं महाग पडावं. पन्नास हजार दंड असता तर त्या गल्लीच्या चारी तोंडांना कधीच बोर्ड लागले असते, कारण पहिल्याच माणसानं वकील लावला असता. पाचशे आहे म्हणून वर्षानुवर्षं एकच पत्रा चालतो.

आधी पोलीस स्टेशनला जाऊन अर्ज दिला, फोटो जोडून. चारी तोंडांचे फोटो, प्रत्येक तोंडाला गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसून काचेतून काढलेला, कारण उभं राहून काढलेला फोटो वेगळं सांगतो आणि ड्रायव्हरला दिसतं ते वेगळं. रायटरनं अर्ज उलटापालटा करून बघितला. म्हणाला, "सोडा की ओ सर, पाचशे रुपयेसाठी कोण कोर्टात जातंय?" मी म्हटलं मी जातोय की. त्यानं पोच दिली. त्यांच्या चलनाबरोबर हवालदारानं काढलेला फोटो होता, तो मी तिथंच मागून बघितला. माझी ओम्नी, केए २२ चा नंबर स्वच्छ, मागं केळ्याचा गाडा, गाड्यावाली मावशी फोटो काढतायत म्हणून पदर सावरताना. बोर्ड कुठंही नाही. गाडी गल्लीत होती हे त्या फोटोनं सिद्ध होतं, आणि ते मी कधी नाकारलंच नव्हतं.

मग माहितीचा अधिकार. आपल्या कर्नाटकात आरटीआयच्या अर्जाला एक गंमत आहे, एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांच्या आत. माझ्यासारख्या पाल्हाळ लावणाऱ्याला ती शिक्षाच. दहा रुपयाची पोस्टल ऑर्डर लावून दोन अर्ज टाकले. पोलिसांना विचारलं, ह्या बंदीची अधिसूचना कधीची, तिची नक्कल द्या. नगरपालिकेला विचारलं, ह्या बंदीसाठी चिन्हं कुठं कुठं, कधी लावली, ती नोंद द्या. पोलिसांकडून नक्कल आली, पानाला दोन रुपये भरून. अधिसूचना होती, खरी होती, कलम ११५ लिहिलेलं होतं. आणि शेवटच्या परिच्छेदात नगरपालिकेनं गल्लीच्या सर्व प्रवेशद्वारांवर फलक लावावेत असं स्पष्ट म्हटलेलं होतं. सर्व. नगरपालिकेचं उत्तर त्यामानानं छोटं आलं, एक फलक लावलेला आहे, नोंदवही उपलब्ध नाही.

हे दोन कागद शेजारी ठेवल्यावर माझं काम खरं तर झालं होतं.

समन्स आलं ते बऱ्याच दिवसांनी. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, तेव्हा तारीख म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवायला नको. तालुका कोर्टात सकाळी पुकारा सुरू झाला, माझ्या आधी हेल्मेटवाले, ट्रिपल सीटवाले, एक ऊस भरलेल्या ट्रॉलीला मागं रेडियम नाही म्हणून पकडलेला ट्रॅक्टरवाला. (त्याला मी बाहेर व्हरांड्यात कार्ड दिलं, धंदा तो धंदा.) प्रत्येकाला एकच प्रश्न, "तप्प ओप्पकोतीरेन्री?", चूक कबूल आहे काय, आणि प्रत्येकजण खालमानेनं "हूं री" म्हणून दंड भरायला पुढच्या टेबलाकडं. एका लयीत चाललेलं. माझी पाळी आली, मी "इल्ल स्वामी" म्हटलं आणि लय तुटली. मॅजिस्ट्रेट बाईंनी पहिल्यांदाच मान वर करून बघितलं. कारण विचारलं नाही, तारीख दिली.

वकील मित्र शेवटी आलाच, चहावर. त्यानं फोटोंचे प्रिंट काढायला लावले आणि सोबत सर्टिफिकेट, मोबाईलमधला फोटो कोर्टात द्यायचा तर ते लागतं. पूर्वी ६५बी म्हणायचे, आता भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय, त्यात ६३ कलम. कोणत्या मोबाईलवर काढला, कधी, त्यात फेरफार नाही, असं सगळं. कुणाला अशी वेळ आली तर हे आधीच करून ठेवा, नुसता मोबाईल पुढं करून चालत नाही.

साक्षीला तोच हवालदार. मला वाटलं होतं तो म्हणेल बोर्ड होता, मी बघितला, संपलं. सरकारी वकिलांनी विचारलं, बंदी होती काय? होती. गाडी आत होती काय? होती. मग माझ्या मित्रानं विचारलं, आरोपी कोणत्या बाजूनं आत आला? बोळातून. बोळाच्या तोंडाला बोर्ड आहे काय? हवालदार थांबला. मला वाटतं तो आठवत नव्हता, ठरवत होता. मग म्हणाला, "इल्ल री, मेन रोडिग ऐत." नाही, मेन रोडला आहे. एवढंच. खोटं बोलला असता तर कुणी त्याला पकडणार नव्हतं, बोळाला आता नसेल पण तेव्हा होता म्हणाला असता तर माझ्याकडं काय उत्तर होतं? फोटो दोन दिवसांनंतरचे होते. बाहेर आल्यावर मी त्याला नमस्कार केला, त्यानं फक्त मान हलवली. अशा माणसांचं कुठं काही छापून येत नाही म्हणून इथं लिहितोय.

निकाल दोन पानी कन्नडमध्ये. बंदीची अधिसूचना ग्राह्य, पण आरोपी ज्या बाजूनं आला तिथं चिन्ह लावल्याचं सिद्ध झालेलं नाही, सबब मुक्त. मी तो दुकानात फ्रेम करणार होतो, बायकोनं करू दिला नाही.

आता ह्यातलं जे मला अजून टोचतंय ते सांगतो. केळ्याच्या गाड्यावाल्या मावशीला मी नंतर भेटलो, बोर्ड पोचवलेल्या दुकानाचं बिल राहिलं होतं म्हणून तिकडं जाणं झालं. ती म्हणाली, "गावातली माणसं येत न्हाईत वो हिकडनं, त्यास्नी ठावं हाय. परगावचीच सापडत्यात." म्हणजे ज्यांना बोर्डाची खरी गरज त्यांच्याचसाठी बोर्ड नाही. आणि ज्यांनी ज्यांनी त्या बोळातून येऊन पाचशे भरले, किंवा सेलमध्ये अडीचशे, त्यांचं काय? काही नाही. दंड भरून मिटवलं की कायद्यानं प्रकरण संपतं, माझा निकाल माझ्यापुरता. आमच्या दाजींचंही एक चलन त्याच गल्लीतलं निघालं, त्याच बोळातलं. त्यांना मी निकाल वाचून दाखवला तर म्हणाले, "ठीक हाय की, तू शून्यात सुटलास, मी अडीचशेत, पण मी घरबसल्या सुटलो."

ड्रायव्हरनं बोर्ड मोडला तर दंड आहे, पण बोर्ड न लावणाऱ्याला? २०१९ च्या दुरुस्तीत १९८ए म्हणून एक कलम आलं, रस्त्याचं डिझाईन, बांधकाम, देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणं नसेल तर जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. वाचून उत्साह आला, मग पुढचं वाचलं, त्या हयगयीमुळं कुणी मेलं किंवा अपंग झालं तरच. म्हणजे पहिल्यांदा माणूस मरायला पाहिजे. कॅमेऱ्याच्या बाबतीत तरी बरं लिहिलंय, २०२१ ला केंद्राच्या नियमात १६७ए आला, त्यात कॅमेऱ्यानं चलन करायचं असेल तर त्या पट्ट्याच्या आधी ठळक सूचनाफलक पाहिजे असं आहे. हवालदाराच्या हातातल्या मशीनसाठी तसं काही वेगळं नाही, तिथं ११५ वरच भागवायचं.

निकालाची नक्कल घेऊन मी फौजदार साहेबांना भेटलो, भांडायला नाही, बाकीच्या तीन तोंडांचं काय म्हणून विचारायला. मराठीत बोलले, चांगलं मराठी. फाईल काढली आणि त्यांनी नगरपालिकेला पाठवलेली पत्रं दाखवली, फलक लावा म्हणून, एक माझ्या चलनाच्याही आधीचं. म्हणाले, "आम्ही लिहितोय, ते म्हणतात फंड नाही. तोवर बंदी मोडली तर आम्ही बघत बसायचं काय?" मी म्हटलं बघत बसू नका, बोळात एक माणूस उभा करा आणि गाडी आत शिरायच्या आधी अडवा, आत शिरून बाहेर येईपर्यंत थांबू नका. ते हसले. माणूस कुठाय म्हणाले. ते खरं होतं की सबब, मला ठरवता आलं नाही, पण पत्रं खरी होती, त्यावर नगरपालिकेचा आवकचा शिक्का होता.

खांब, साठ सेंटिमीटरची गोल चकती, रिफ्लेक्टिव्ह शीट, खाली वेळेची पट्टी, सिमेंट काँक्रीटमध्ये रोवून, असे तीन. मी ह्या धंद्यात आहे, ह्याला काय खर्च येतो ते मला माहीत आहे, एखाद्या वाढदिवसाला त्या गावात जेवढे फ्लेक्स लागतात त्याच्यापुढं तो काहीच नाही. फुकट लावून देतो म्हणायचा मोह झाला होता. मित्रानं अडवलं, म्हणाला खाजगी माणसानं रस्त्यावर वाहतूक चिन्ह लावणं हाच उद्या गुन्हा निघेल, आणि मग तुझ्या बोर्डाला बोर्ड म्हणायचं की नाही ह्यावर मीच युक्तिवाद करत बसेन.

म्हणून आता नगरपालिकेला दुसरी आरटीआय टाकलीय, पोलिसांच्या त्या पत्रांवर काय कार्यवाही झाली, शेरा कुणी काय मारला, नक्कल द्या. एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, दहाची पोस्टल ऑर्डर. कायद्यानं तीस दिवस आहेत त्यांच्याकडं. उत्तर आलं की लिहितो.